रानकोंबडा, चकोत्री आणि सुभेदार

सुभेदार रंगराव आधी ऐकू यायचे, मग दिसायचे. पाटण तालुक्यातल्या त्या डोंगरकडेच्या वाडीतल्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा एस.टी.तून उतरल्या उतरल्या पहिला आवाज कानावर पडला तो त्यांचा. वरच्या आळीत उभे राहून ते खाली पारावर बसलेल्या कुणाला तरी म्हशीबद्दल काही सांगत होते आणि मधली सगळी वाडी निमूटपणे ऐकत होती. मी कंडक्टरला विचारलं, "भांडण लागलंय का हो?" तो म्हणाला, "न्हाई मॅडम. सुभेदार बोलत्यात."

नशीब असं, की राहायला खोली मिळाली ती त्यांच्याच घराच्या पडवीत. मी सांगलीकडची, जैनाघरची. सामान टाकून होतंय तोवर सुभेदार दारात. "बाई, रविवारी कोंबडं चालतं न्हवं?" मी म्हटलं, "मला बटाटासुद्धा चालत नाही." त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. "मग जगताय कशावर?" आणि तिथूनच उभ्या वाडीला हुकूम सुटला, की शाळेच्या बाईंना कुणी बटाटा द्यायचा न्हाई! लोक बिचारे भले. बटाट्याच्या जागी रताळी आणून द्यायला लागले. तीही आम्हाला चालत नाहीत हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. सुभेदारांनी पुन्हा पुकारा केला असता.

माणूस उंचापुरा, मिशा काळ्याभोर. म्हणजे रंगवलेल्या, पण ते बोलायचं नाही. गोठ्यात शेण काढायला निघाले तरी विजारीची इस्त्री मोडलेली नसायची. अर्थात शेण दुसरंच कुणीतरी काढायचं, हे फक्त बघायला जायचे. सव्वीस जानेवारीला छातीवर पदकं लावून शाळेत यायचे आणि झेंड्यापेक्षा पोरं त्यांच्याकडेच जास्त बघायची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माणूस कसा, दिसला पायजे आन् ऐकू आला पायजे." मी एकदा चिडून म्हटलं, "आबा, सगळ्यांनीच असं ठरवलं तर ऐकायचं कुणी?" ते मनापासून हसले आणि म्हणाले, "तुमी हाय की."

घराच्या मागं दहा पावलांवर रान सुरू व्हायचं. फौजेतून आल्यावर सुभेदारांनी त्या रानाचा एक उद्योग काढला होता. पुण्या-मुंबईहून मोठमोठे कॅमेरे घेऊन लोक पाखरं बघायला यायचे, त्यांना घरी उतरवायचं आणि पहाटे रानात न्यायचं. ह्या सगळ्यांत मानाचा पाहुणा म्हणजे रानकोंबडा. तो त्यांनी मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा मीसुद्धा क्षणभर गप्प झाले, आणि मी गप्प होणं ही साधी गोष्ट नव्हे. अंग राखी, मानेवरच्या काळ्या पिसांवर मेण सांडावं तसे पिवळट ठिपके, डोक्यावर लालबुंद तुरा आणि मागं काळी झळझळीत शेपटी, कोयत्यासारखी वळलेली. दगडावर चढला, मान ताणली आणि सगळी दरी दणाणून सोडली. सुभेदार माझ्या कानात म्हणाले, म्हणजे त्यांना ते कानात वाटलं, "बघा बाई. ह्याला म्हनत्यात मर्द गडी!" त्यासरशी कोंबडा उडाला.

त्याच रानात आणखी एक पाखरू होतं. चकोत्री. तेही कोंबडीच्याच गोतावळ्यातलं, पण चणीनं लहान, तांबूस तपकिरी, डोळ्याभोवती लाल कातडी आणि पाय लाल. दिसली की नेहमी दोन दिसायची. पाचोळा उकरत एकमेकांना धरून चालायची, चाहूल लागली की न उडता झुडपात पळायची. सुभेदारांचा सिद्धान्त असा, की ह्या दोघी रानकोंबड्याच्या बायका. एक थोरली, एक धाकटी. हे ते पाहुण्यांना छातीठोक सांगायचे. वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं की चकोत्री ही जातच वेगळी. पण सुभेदारांना सांगणार कोण? ते अठराव्या वर्षी भरती झालेले. लहानपणी ही पाखरं त्यांनी पाहिली असतील ती फासात, नाहीतर ताटात. त्यांच्या पत्नी हौसाकाकी एकदा माझ्यादेखत म्हणाल्या होत्या, "आवं, ती जात येगळी हाय." त्यावर उत्तर आलं, "तुला काय कळतंय? मी दुर्बिणीनं बघितलंय." काकी भाकरी थापत राहिल्या.

एकदा मी त्यांना शाळेत पोरांपुढं बोलायला बोलावलं. फळ्यावर त्यांनी कोंबडा झोकात काढला, खाली दोन चकोत्र्या काढल्या. थोरली-धाकटीचं सांगून झालं. चौथीतली एक मुलगी उभी राहिली. "आबा, मग कोंबडा त्यांच्यासंगं का नसतो? तो नेहमी लांब दगडावरच असतो."

सुभेदार अडखळणारे नव्हेत. "तो ड्युटीवर असतो," म्हणाले.

वर्ग खो खो हसला, मीही हसले. दाराशी हौसाकाकी उभ्या होत्या, पोरांसाठी खारे शेंगदाणे घेऊन आलेल्या. त्या हसल्या नाहीत. शेंगदाण्यांची पाटी उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेल्या.

हौसाकाकी म्हणजे किरकोळ बाई, आवाज असा की शेजारी बसूनही कान द्यावा लागे. लग्नानंतर नवरा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. ट्रंक, घोंगड्या, बाटल्या, मिठाई, सगळी वाडी अंगणात. "आवं बाई, जत्राच असायची," काकी एकदा बोलून गेल्या. "गाव जेवायचं, मी रांधायची. गर्दी पांगूस्तवर ह्यांची निघायची येळ. बोलायचं ऱ्हायलं की ऱ्हायलंच." सासऱ्यांचं दुखणं, सासूचं जाणं, दोन पोरांची आजारपणं, लेकीचं लग्न, भाताची खाचरं, गाभण म्हशी, सगळं त्या एकट्या बाईनं काढलं. आणि कुणी विचारलं तर गाव काय म्हणणार? सुभेदारांचं घर. मला ह्या गोष्टीचा राग यायचा. अजूनही येतो.

मग सुभेदार रिटायर होऊन घरी आले आणि घराची पलटण झाली. सकाळी गोठ्याची हजेरी. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत. वर प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नंबर. "तीन नंबर आण," असं म्हणायचे, म्हणजे हरभऱ्याची डाळ. काकींनी वाद घातला नाही, फक्त घरात हळूहळू बोलणंच टाकलं. विचारलं तेवढ्याचं उत्तर. सुभेदारांना वाटायचं, शिस्त लागली.

शिमगा झाला आणि पुण्याच्या लेकाला मूल झालं. काकी पिशवी घेऊन बाळंतिणीच्या मदतीला हडपसरला गेल्या. महिन्याभरात येते म्हणाल्या होत्या. महिना झाला, मग दुसरा सरत आला. सुभेदार फोन करायचे, अंगणात उभे राहून. आम्हा सगळ्यांना ह्या बाजूचं ऐकू यायचंच. "कवा येतीस? ... तारीख सांग! ... येते म्हंजे कवा?" एके दिवशी फोन ठेवून ते माझ्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "बाई, हौसा न्हाई म्हनती."

"म्हणजे?"

"म्हनती, तुमचं तुमी बघा, मला हितं बरं वाटतंय. हितं लोक माझ्याशी बोलत्यात."

तोंडावर आलं होतं खूप, पण माणसाचा चेहरा उतरलेला बघवत नव्हता.

घर रिकामं झालं तसा त्यांचा रानातला वेळ वाढला. करवंदं पिकायचे दिवस, उन्हानं पाहुणेही कमी. एकटेच झुडपाआड बसायचे. आणि एका सकाळी मी भाजी निवडत असताना ते रानातून उतरले ते न बोलता. चपला हातात. समोर येऊन उभे राहिले, तरी आवाज नाही. मला वाटलं, साप चावला.

"बाई," ते म्हणाले, "लय मोठी चूक झाली."

मी म्हटलं, "गॅस चालू राहिला का?"

तसं नव्हतं. ओढ्यापाशी त्यांनी चकोत्रीची जोडी पाहिली होती. मागं पिल्लं. दोघं मिळून पाचोळा उकरत होती, एक उकरी तेव्हा दुसरं मान वर करून पहारा देई. जवळून दुर्बीण लावली तर एकाच्या लाल पायांवर काटेच काटे, एका पायाला दोन-तीन, कोंबड्याला असतात तसे. "बाप्या हाय तो, बाई! मी ज्याला थोरली म्हनत होतो तो नवरा हाय. दिसायला बायकोसारखाच. तुरा न्हाई, शेपूट न्हाई, दगडावर चढनं न्हाई. बायकोच्या संगं पोरं वळतोय!"

"मग रानकोंबड्याची बायको कुठंय?" मी विचारलं. सहज विचारलं हो, दुसरं काही मनात नव्हतं.

त्यांनी चपला खाली ठेवल्या. "ती पन दिसली. वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत. साधी तपकिरी, छातीवर पांढरी खवलं. एकटी. पाच पिल्लं पंखाखाली घिऊन बसलीया. आन् कोंबडा लांब दगडावर आरवतोय." मग म्हणाले, "इतकी वरसं रानात हिंडतोय, बाई. तिला मी कवा बघितलंच न्हाई. माझ्या डोळ्यांसमोरनं गेली आसंल की! पन मी कोंबडाच बघत बसलो."

आता ह्यावर एरवी मी चार शब्द सुनावले असते. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि पदकंवाल्या माणसाला रडताना मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मी आत जाऊन चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सुभेदार पुण्याला. आठवडाभर राहतील असं वाटलं होतं, तिसऱ्या दिवशी परत. एकटेच.

"काय झालं?"

"सगळं सांगितलं तिला. बाल्कनीत बसून, हळू आवाजात. चकोत्रीचं सांगितलं, कोंबडीचं सांगितलं. म्हनलं, हौसा, तुझं खरं हुतं, जात येगळी हाय."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हनली, पाखरातलं कळलं, बरं झालं. आन् मग म्हनली, मग?"

"मग?"

"तेच! 'मग?' म्हनून माझ्याकडं बघत बसली. मला काय सुचंना. जेवलो आन् आलो. बाई, तिचं 'मग' म्हंजी काय वो?"

इथं मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "आबा, मग म्हणजे पुढं काय करणार! त्या चकोत्रीच्या नवऱ्यानं भाषण नाही केलं, पाचोळा उकरला. तुम्ही आजवर ह्या घरात काय उकरलंय? पेज शिजवता येते का? बियाण्याचं भात कुठं ठेवलंय ते माहितीय? तुमच्या म्हशीचं नाव काय?"

ते विचारात पडले. "म्हशीला नाव हाय?" म्हणाले.

मी कपाळाला हात लावला.

पण माणूस खरा फौजी. चूक कळली की अंगावर घ्यायची, ही त्यांची शिस्त दुसऱ्यांपुरती नव्हती. डब्यांवरचे नंबर त्यांनी रॉकेलनं पुसून काढले. रोज संध्याकाळी फोन लागायचा, पण आता प्रश्न वेगळे. "हौसा, बी कुठल्या कणगीत हाय? ... म्हशीला काय म्हनतीस तू? ... चंद्री? बरं." रोप टाकलं ते विचारून, लावणी केली ती विचारून. चिखलात इस्त्रीची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून वाकलेले सुभेदार बघायला बांधावर माणसं जमायची. "काय सुभेदार, कुनाची आर्डर?" कुणी टोमणा मारला तर म्हणायचे, "घरची." एकदा भाकरी घेऊन माझ्याकडे आले, म्हणे चाखून बघा. ती भाकरी अशी होती, की टाकून मारली असती तर माणूस पडला असता. मी चांगली आहे म्हटलं. देव मला क्षमा करो, आमच्यात खोटं बोलणंही वर्ज्य आहे.

पावसाळ्यात रानकोंबड्याच्या मानेची ठिपक्यांची पिसं झडतात, तोही मुका मुका हिंडतो. सुभेदारांनी मला तो दाखवला. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "म्हाईत हाय काय म्हननार ते. म्हनू नका."

पाहुण्यांपुढं त्यांनी आपली चूक लपवली नाही, हे मला फार आवडलं. पावसाळा संपता संपता मुंबईचे एक साहेब आले होते. हातभर लांब लेन्स. सुभेदारांनी त्यांना आधी नेलं ते कोंबडीकडं. साहेब वैतागले. "अहो, हे काय दाखवताय? कोंबडा दाखवा ना!"

"कोंबडा दावायला मी कशाला पायजे साहेब? तो आपनहून दिसतो. हिच्यासाठी बसावं लागतं. बसा." आणि बसवलं की त्यांना, तासभर! फोटो मिळाला का ते ठाऊक नाही. साहेब पुन्हा काही आले नाहीत.

भात पिवळं पडलं आणि हौसाकाकी आल्या. "चार दिसांसाठी आलीया," एस.टी.तून उतरतानाच म्हणाल्या, "कापणी झाली की जानार." सुभेदारांनी पिशवी घेतली आणि मागून चालू लागले. काकी थेट खाचरावर गेल्या, लोंबी हातावर चोळून पाहिली, दाताखाली दाणा धरला. पुन्हा दुसऱ्या खाचरात, पुन्हा तेच. आम्ही सगळे बांधावर परीक्षेला बसल्यासारखे उभे. शेवटी म्हणाल्या, "ह्या कडंला पानी जास्त झालंय." सुभेदार म्हणाले, "व्हय. चुकलं तिथं." काकींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'चुकलं' हा शब्द त्या पहिल्यांदा ऐकत असाव्यात. कापणी झाली, झोडणी झाली. जायचं कुणी काढलं नाही, आणि विचारायला आम्हीही काही खुळे नव्हतो. तरी मनातून वाटायचंच, की काकी आल्यात ते भातासाठी. आणि सुभेदारांनाही ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "ऱ्हायलीया, पन अजून भरल्याली पिशवी खुंटीवरच हाय." ती उतरली की नाही, हे मला कळायच्या आत माझी बदली पुन्हा सांगलीकडं झाली.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला आहे असा लेकाचा फोन आला, म्हणून भेटायला गेले. बायकांचा वॉर्ड, दुपारची भेटायची वेळ. काकी खाटेवर पाय लांब करून बसलेल्या. सुभेदार दिसेनात, आणि ऐकूही येईनात. मला वाटलं, गेले असतील परत. तेवढ्यात ते न्हाणीतून आले. अंगात साधा सदरा, मिशा पांढऱ्या, खांद्यावर पिळलेलं ओलं लुगडं. मला बघून हसले, हळू आवाजात "बाई, बसा" म्हणाले आणि खिडकीच्या गजांवर लुगडं वाळत घालायला लागले. एक टोक झटकून, दुमड काढून, अगदी सवयीचं काम असल्यासारखे.

शेजारच्या खाटेवर माणदेशातली, म्हसवडची एक बाई होती. तिचा नवरा मुंबईला नोकरीला, रोज फोन करायचा म्हणे. ती बराच वेळ सुभेदारांकडे बघत होती. मग काकींच्या बाजूला झुकून तिनं विचारलं, "काकी, तुमचं मालक आत्ताच रिटायर झाल्यात जनू?"

हौसाकाकींनी खिडकीकडं पाहिलं. घाई नव्हती त्यांना. आणि मग, मला सहज ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"रिटायर हून लय वरसं झाली. घरी आत्ता आल्यात."